‘या, जेवण तयार आहे!’ : मालवणच्या वाटेवरचे एजंट आणि आपलं ताट

आजचा भाग खाण्यावर आहे, पण रेसिपीचा नाही. हॉटेलच्या दारात किंवा रस्त्याच्या कडेला उभं राहून, गाडीला हात दाखवून, ‘या साहेब, फिश थाळी, एसी, पार्किंग’ असं म्हणत जे गिऱ्हाईक ओढतात, त्यांच्याबद्दल बोलायचंय. हे लोक असतात का, त्यांचे पैसे कोण देतं आणि त्यांना भांडण न करता टाळायचं कसं, एवढे तीन प्रश्न.

मी मूळचा कसालचा, नोकरीला पुण्यात, सॉफ्टवेअरमध्ये. कसाल म्हणजे मुंबई-गोवा महामार्गावरून मालवणला वळायचा तिठा. त्यामुळे डिसेंबर आला की ऑफिसातल्या मित्रांचे फोन ठरलेले. पूर्वी एकच प्रश्न असायचा, मासे कुठे खायचे? आता दुसराही असतो, ‘अरे, ते रस्त्यात गाडी अडवतात ते कोण?’

आधी एक साधी गोष्ट बघा. आमच्या कसालच्या तिठ्यावर खानावळी आहेत, चहाच्या टपऱ्या आहेत, पण हात धरून आत ओढणारा माणूस नाही. मालवण-तारकर्लीकडे किनारा जवळ आला की मात्र भेटतो. जिल्हा तोच, मासा तोच. मग फरक कशाचा? गिऱ्हाईकाचा. तिठ्यावर जेवणारा माणूस म्हणजे रोजचा ट्रकवाला, ओरोसच्या सरकारी ऑफिसातला कर्मचारी, बाजाराला आलेला गाववाला. त्याला आज वाईट वाढलं तर तो उद्या समोरच्या खानावळीत बसेल. किनाऱ्यावर आलेला पर्यटक पुन्हा कधी येईल याचा भरवसा नाही. जिथे गिऱ्हाईक परत येणार नसतं, तिथे चवीपेक्षा ‘आज आत कसं आणायचं’ याला जास्त किंमत येते. म्हणून एजंट उभा राहतो.

आमच्या धंद्यात ‘लास्ट क्लिक’ नावाचा प्रकार आहे. गिऱ्हाईकाने शेवटचं बटण ज्याच्या लिंकवरून दाबलं, कमिशन त्याला. त्याआधी वर्षभर माल चांगला कोणी ठेवला, नाव कोणी कमावलं, त्याला शून्य. रस्त्यावरचा एजंट म्हणजे तोच लास्ट क्लिक. तुमचं स्टिअरिंग त्याच्या हातवाऱ्यावर वळलं की त्याचं काम संपलं. ताटात काय पडतं, याच्याशी त्याच्या पैशाचा संबंध नाही.

आता हे पैसे येतात कुठून? हिशेबाला सोपे म्हणून गोल आकडे घेऊ. समजा चार जण, ताट ४०० रुपयांचं, बिल १,६००. मासे, तेल, गॅस, कामगार, भाडं जाऊन मालकाला समजा २० टक्के सुटतात, म्हणजे ३२०. एजंटला १० टक्के दिले तर १६० गेले. अर्धी कमाई! ती कुठूनतरी भरून काढावीच लागते. मग सुरमईची तुकडी पातळ होते, दुसऱ्या वाटी सोलकढीचे पैसे लागतात, नाहीतर ताटाचाच भाव वाढतो. एजंट फुकट सेवा देत नाही, त्याचा पगार आपण देतो.

आणि नुकसान फक्त आपलं नाही. आमच्याकडे घरगुती खानावळी असतात. पुढच्या पडवीत चार टेबलं, स्वयंपाक घरातल्या बायकांचा. सकाळी मासळी घ्यायची आणि दुपारपर्यंत पंधरा-वीस ताटं वाढायची. त्यांना रस्त्यावर माणूस ठेवणं परवडत नाही. शेजारच्याने एजंट ठेवला की गाड्या मधेच वळतात आणि सकाळी घेतलेला मासा तसाच राहतो. मग एक दिवस त्या घरातलाही पोरगा नाइलाजाने रस्त्यावर हात दाखवायला उभा राहतो. एकाने सुरू केलं की सगळ्यांना करावं लागतं, आणि शेवटी कोणाचंच गिऱ्हाईक वाढत नाही, फक्त खर्च वाढतो.

हे फक्त आपल्याकडेच नाही. लंडनमधली ब्रिक लेन करी-हॉटेलांसाठी प्रसिद्ध, तिथेही दारात उभं राहून ओढाओढ करणाऱ्यांवर स्थानिक कौन्सिलला कारवाई करावी लागली. शेजारच्या गोव्यात पर्यटनस्थळांसाठी २००१ चा कायदा आहे. २०२५ मध्ये त्यात दुरुस्ती करून पर्यटकांच्या असं मागे लागण्यालाही ‘उपद्रव’ ठरवलं आणि दंड ५,००० पासून १ लाख रुपयांपर्यंत नेला. कायदा हवाच, पण जोवर हात दाखवला की गाड्या वळतायत, तोवर हात दाखवणारे राहणार.

मग करायचं काय?

एक, कसालला वळण्याआधी ठरवा. तिठ्यावर चहाला थांबा आणि जिथे जेवायचं तिथे फोन करा. घरगुती खानावळींना तर हे फारच सोयीचं, कारण किती ताटं लागणार ते त्यांना आधी कळतं. सोमवारी आणि संकष्टीला बऱ्याच घरांत मासे शिजत नाहीत, तेही विचारून घ्या. भूक लागलेली, पोरं रडतायत आणि समोर पाच जण हाका मारतायत, अशा वेळी घेतलेला निर्णय आपला नसतो.

दोन, काच खाली करू नका, गाडी हळू करू नका. थांबलात की बोलणी सुरू झाली. कोणी आडवाच आला तर अर्थात ब्रेक मारा, पण रस्ता मोकळा झाला की निघा.

तीन, कारण देऊ नका. ‘नंतर बघू’ म्हटलं की ‘किती वाजता येताय?’ येतं. ‘महाग असेल’ म्हटलं की ‘तुमच्यासाठी कमी करतो’ येतं. प्रत्येक कारणाला त्याच्याकडे उत्तर तयार आहे, रोजचं काम आहे त्याचं. ‘ठरलंय आमचं’ याला उत्तर नाही. मालवणीत म्हणा, ‘आमचा ठरलेला आसा.’ हसून म्हणा आणि पुढे चला.

चार, आत गेलातच तर भाव गल्ल्यावरच्या माणसाला विचारा, एजंटला नाही. ताटात काय काय येतं? जास्तीची कढी, भात, सोलकढी धरून की वेगळी? मेनूवर सुरमई-पापलेटसमोर ‘साईजप्रमाणे’ लिहिलं असेल तर मासा तळायला जाण्याआधी बघा आणि त्याच माशाचा भाव ठरवा. १ जून ते ३१ जुलै यांत्रिक नौकांना मासेमारी बंद असते. त्या दिवसांत कोणी ‘आत्ताच बोटीतून उतरलेली सुरमई’ म्हणाला तर कुठल्या बोटीतून, एवढं विचारा. उत्तर पटलं नाही तर ऑर्डर देण्याआधी उठून जायला लाजू नका.

पाच, बिल वाचा. त्यावर १४ आकडी एफएसएसएआय नंबर असायला हवा, १ जानेवारी २०२२ पासून तसा नियम आहे. सर्व्हिस चार्ज आपोआप लावता येत नाही. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने जुलै २०२२ मध्ये तशा सूचना काढल्या आणि मार्च २०२५ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने त्या कायम ठेवल्या. ऐकलंच नाही तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन आहे, नंबर १९१५.

सहा, विचारायचं तर ज्याला कमिशन नाही त्याला विचारा. मेडिकलवाला, एसटीचा कंडक्टर, किराणा दुकानदार. आणि ‘चांगलं कुठे मिळतं?’ असं नको, ‘तुमच्याकडे पाहुणे आले तर तुम्ही कुठे नेता?’ असं विचारा. उत्तर बदलतं, करून बघा.

एक विनंती मात्र आहे. त्या हात दाखवणाऱ्या पोरावर ओरडू नका. पावसाळ्यात वॉटर स्पोर्ट्स बंद, पर्यटक कमी, मोजक्या महिन्यांत वर्षाचे पैसे काढायचे असतात. भर उन्हात रस्त्यावर उभं राहायची हौस कोणाला नसते. त्याला शिव्या घालून काही बदलत नाही. आपण ठरवून आधी फोन केलेल्या खानावळीत गेलो, जेवण आवडलं आणि मेनूच्या फोटोसकट दोन ओळी गुगलवर टाकल्या, तर त्या खानावळीला पुढच्या वर्षी एजंटची गरज थोडी कमी पडते.

तर मंडळी, यंदा मालवणला जाणार असाल तर जेवणाचं तेवढं कसालच्या अलीकडे उरकून घ्या. तुमच्या ओळखीच्या, एजंट न ठेवणाऱ्या घरगुती खानावळी असतील तर त्यांना विचारून मला कळवा, पुढच्या भागात वाचून दाखवतो. येवा, कोकण आपलोच आसा!