छोटी प्रकाशने आणि आपले वैचारिक गद्य

दलित साहित्य म्हटले की कविता आणि आत्मकथन या दोनच गोष्टी डोळ्यांसमोर येतात. अभ्यासक्रमात प्रामुख्याने त्याच आल्या, चर्चासत्रेही त्यांच्यावरच झाली. त्यात गैर काही नाही. परंतु या दोहोंच्या बाजूला तिसरे एक लेखन सतत चालू आहे आणि त्याची दखल मात्र फारशी घेतली जात नाही. चळवळीचा इतिहास, कार्यकर्त्यांच्या मुलाखती, कायदा, अर्थकारण, धर्मचिकित्सा, स्त्रियांचे प्रश्न यांवरचे हे लेखन आहे. मोठ्या प्रकाशकांनी ते क्वचितच छापले. बहुतेक वेळा ते छापले एकदोन माणसांच्या जिवावर चालणाऱ्या छोट्या प्रकाशनांनी. अशी पुस्तके निघतात कशी, टिकतात कशी आणि आपली त्यांच्याविषयी जबाबदारी कोणती, हे समजून घेणे चळवळीतल्या प्रत्येकाला आवश्यक आहे.

एक उदाहरण घेऊ. २० जुलै १९४२ रोजी नागपुरात अखिल भारतीय दलित वर्ग महिला परिषद भरली. अध्यक्षस्थानी सुलोचनाबाई डोंगरे होत्या. बाबासाहेब उपस्थित होते. हजारो स्त्रिया जमल्या होत्या. घटस्फोटाचा हक्क मिळावा, एकाहून अधिक बायका करण्याची चाल कायद्याने बंद व्हावी, गिरणीत आणि बिडीच्या कामावर राबणाऱ्या स्त्रियांना रजा मिळावी, कायदेमंडळात स्त्रियांसाठी राखीव जागा असाव्यात, असे ठराव या परिषदेने केले. पहिल्या दोन मागण्या हिंदू विवाह कायद्यात आल्या त्या १९५५ साली, म्हणजे तेरा वर्षांनी. आमच्या अशिक्षित म्हणवल्या गेलेल्या आयाबहिणी त्या आधीच मागून बसल्या होत्या. तरीही स्त्री-चळवळीच्या रूढ इतिहासात या परिषदेला कित्येक वर्षे जागा नव्हती.

ती जागा मिळाली ती एका पुस्तकामुळे. उर्मिला पवार आणि मीनाक्षी मून यांनी आंबेडकरी चळवळीतील स्त्रियांचा सहभाग शोधून काढला. जुने कागद धुंडाळले, हयात असलेल्या कार्यकर्त्या स्त्रियांना गाठले, त्यांना बोलते केले आणि त्यांचे बोलणे लिहून घेतले. त्यातून ‘आम्हीही इतिहास घडवला’ हा ग्रंथ १९८९ साली निघाला. तो काढला ‘स्त्री उवाच’ या मुंबईतल्या स्त्रियांच्या छोट्या प्रकाशनाने. पुढे पुण्याच्या सुगावा प्रकाशनाने तो पुन्हा छापला. वंदना सोनाळकर यांनी केलेला इंग्रजी अनुवाद २००८ साली दिल्लीच्या ‘झुबान’ने काढला. हे प्रकाशनही स्त्रीवादी आणि स्वतंत्र. एक ग्रंथ तीन छोट्या प्रकाशनांच्या खांद्यावरून पुढे गेला, म्हणून आज देशोदेशीचे अभ्यासक त्याचा आधार घेतात. ज्या स्त्रियांच्या मुलाखती त्या वेळी घेतल्या गेल्या, त्यांतल्या बहुतेक वृद्ध होत्या. आणखी दहा वर्षे थांबले असते तर लिहून घ्यायला कोणी उरले नसते. अशा पुस्तकाला उशीर परवडत नाही, तो या कारणाने.

आपली पुस्तके आपणच छापण्याची ही रीत नवी नाही. लाहोरच्या जातपात तोडक मंडळाला १९३६ साली बाबासाहेबांचे अध्यक्षीय भाषण झेपले नाही. परिषदच रद्द झाली. तेव्हा बाबासाहेबांनी ते भाषण स्वतः छापले. पंधराशे प्रती दोन महिन्यांत संपल्या आणि पुढे त्याची भाषांतरे निघाली. व्यासपीठ नाकारले गेले, पण छापखाना होता म्हणून विचार थांबला नाही. आमच्या नागपूर जिल्ह्यातही हाच धडा आहे. मोहप्याचे किसन फागुजी बनसोडे यांनी वृत्तपत्रे काढली. कामठीचे बाबू हरदास (१९०४–१९३९) यांनी बिडी कामगारांची संघटना बांधली आणि त्यासोबत वृत्तपत्रही चालवले. संघटना आणि छापील कागद या दोन गोष्टी त्या पिढीने कधी वेगळ्या मानल्या नाहीत.

आता छोट्या प्रकाशनाचा व्यवहार पाहू. कागद, अक्षरजुळणी, छपाई आणि बांधणी यांचा पैसा आधी घालावा लागतो. एका आवृत्तीच्या प्रती साधारण पाचशे ते हजार. विक्रेत्याला तीस-चाळीस टक्के सूट द्यावी लागते आणि त्याच्याकडचे पैसे कधी येतील याचा नेम नसतो. लेखकाला मानधन देणे बहुधा जमत नाही. प्रकाशक हाच मुद्रितशोधक, हाच हमाल आणि हाच विक्रेता. पहिल्या पुस्तकाचे पैसे अडकले की दुसरे पुस्तक अडते. म्हणून यातली कित्येक प्रकाशने चारपाच पुस्तकांनंतर बंद पडतात. विलास वाघ यांनी १९७२ साली सुरू केलेले सुगावा प्रकाशन अनेक दशके चालले, ते अपवादानेच. २०२१ साली वाघ सर गेले तेव्हा महाराष्ट्रातल्या असंख्य कार्यकर्त्यांना आपल्या पहिल्या वाचनाची आठवण झाली.

या प्रकाशनांना तगवले कोणी? सजवलेल्या दुकानांनी नव्हे. विजयादशमीला दीक्षाभूमीवर आणि ६ डिसेंबरला चैत्यभूमीवर जे पुस्तकांचे स्टॉल लागतात, त्यांनी. खेड्यापाड्यांतून रेल्वेने, ट्रकने आलेला माणूस भाकरीच्या फडक्यातले पैसे सोडून पुस्तक घेतो. स्वतःला वाचता येत नसेल तर मुलासाठी घेतो. ज्या घरांत आधी कोणी शाळेची पायरी चढले नव्हते, त्या घरांतले पहिले पुस्तक असेच आले आहे. माझी पिढी पदवीपर्यंत पोहोचली त्यात या स्टॉलांचा वाटा आहे.

सरकारने हे काम करावे, असे कोणी म्हणेल. सरकारने केलेही. वसंत मून यांच्या संपादनाखाली बाबासाहेबांच्या लेखनाचा पहिला खंड १९७९ साली निघाला आणि ते ऋण मोठे आहे. परंतु या खंडांची छपाई रखडल्याची दखल डिसेंबर २०२१ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाला स्वतःहून घ्यावी लागली. खुद्द बाबासाहेबांच्या ग्रंथांची ही गत, तर कन्हानच्या एखाद्या कामगार कार्यकर्त्याची मुलाखत सरकार छापील, ही आशा कशाच्या जोरावर धरायची?

नव्या पिढीने पुन्हा स्वतःची वाट काढली आहे. योगेश मैत्रेय यांनी २०१६ साली नागपुरात ‘पँथर्स पॉ पब्लिकेशन’ सुरू केले. आपल्या लेखकांना इंग्रजीत आपल्याच अटींवर आणणे हा त्यामागचा विचार. हे स्वागतार्ह आहे, कारण आपल्याविषयी इंग्रजीत लिहिणारे बहुधा दुसरेच असत. पण त्यातून एक प्रश्नही उभा राहतो. पारशिवनीतला माझा विद्यार्थी मराठीत शिकतो. त्याच्या हातात पडेल असे, त्याच्याच तालुक्यावरचे, पुराव्यानिशी लिहिलेले मराठी पुस्तक कोण काढणार?

येथे एक कटू गोष्ट सांगितली पाहिजे. छोट्या प्रकाशनाचे म्हणून प्रत्येक पुस्तक चांगले ठरत नाही. एकाच चरित्राच्या वीस पुस्तिका जयंतीला निघतात आणि एकमेकींतून उतरवलेल्या असतात. तारखा चुकतात, सूची नसते, माहिती कुठून घेतली ते सांगितलेले नसते. विरोधक अशा एका चुकीवर बोट ठेवून सगळे पुस्तक खोटे ठरवतो. म्हणून वाचकाने तीन प्रश्न विचारावेत. लेखकाने स्वतः काय शोधले? त्याचा पुरावा कोणता? हे आधी कोणी लिहिले होते काय? असे प्रश्न विचारणे म्हणजे आपल्या माणसाचा पाणउतारा नव्हे. प्रश्न विचारणारा वाचक असला तरच प्रकाशक संपादनावर मेहनत घेतो.

करण्यासारखी कामे साधी आहेत. शिक्षकांनी महाविद्यालयाच्या ग्रंथालयाच्या खरेदीच्या यादीत दरवर्षी छोट्या प्रकाशनांची दहा वैचारिक पुस्तके आग्रहाने घालावीत आणि त्यांचे बिल वेळेवर निघेल हे पाहावे. कार्यकर्त्यांनी जयंतीच्या वर्गणीतला काही भाग पुस्तकांच्या आगाऊ नोंदणीसाठी ठेवावा. शंभर वाचकांनी आधी पैसे भरले तर छपाईच्या खर्चाचा मोठा भार उतरतो. आणि विद्यार्थ्यांनी लिहायला लागावे. आमच्या तालुक्यात कोळशाच्या खाणीवर राबलेली माणसे आहेत, पेंचच्या धरणाने ज्यांची गावे गेली ती कुटुंबे आहेत, शेजारी कामठीत बिड्या वळून ज्यांनी मुले शिकवली त्या म्हाताऱ्या आहेत. १९४२ च्या परिषदेने ज्यांच्या रजेसाठी ठराव केला होता, त्या बिडी कामगार स्त्रियांच्या या मुली आणि नाती. त्यांना ती रजा कधी मिळाली, मिळाली की नाही, हे त्यांनाच विचारावे लागेल. त्यासाठी एक वही, थोडा वेळ आणि नाव-गाव-साल नीट लिहून घेण्याची शिस्त एवढेच पुरे. छापणारा छोटा प्रकाशक पुढे सापडेल. या म्हाताऱ्यांपैकी किती जणी आणखी दहा वर्षे असतील, याचा विचार मात्र आज करावा.