माळ्यावर जुनी क्रिकेट कार्डं सापडली? विकण्याआधी रुकी, पॅरलल आणि ग्रेडचा अर्थ समजून घ्या

समजा, बेलपाड्यातल्या एका घरात दिवाळीची साफसफाई चालू आहे. माळ्यावरून बिस्किटाचा जुना पत्र्याचा डबा खाली येतो. आत काय, तर रबर लावलेला क्रिकेट कार्डांचा गठ्ठा. आई म्हणते, "रद्दीत टाक." पोरगा मोबाईलवर शोधतो आणि त्याला एक जाहिरात दिसते.

भारतीय बॅट्समन, आरसी, पॅरलल, २३/९९, ग्रेड ९. किंमत पाच आकडी.

झालं, पोराला वाटतं डब्यात खजिनाच आहे. खरंच आहे का? ते कळायला आधी ही जाहिरात वाचता आली पाहिजे.

मुळात ही कार्डं आली कुठून?

एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी सिगारेटची पाकिटं मऊ कागदाची असायची. आतल्या सिगारेटी मोडू नयेत म्हणून एक जाड पुठ्ठा टाकला जायचा. कंपन्यांनी त्यावर खेळाडूंची चित्रं छापायला सुरुवात केली आणि लोक ती जमवायला लागले. पुढे सिगारेटची जागा बबलगमने घेतली.

आपल्याकडे बिग फन बबलगमसोबत क्रिकेटपटूंची चित्रं मिळायची. मग कुस्तीवाल्यांची ट्रम्प कार्डं आली. आयपीएलच्या जमान्यात टॉप्स कंपनीची क्रिकेट अटॅक्सची पाकिटं आली. पोरांनी ती खेळून खेळून झिजवली. किंमतीचं गणित नेमकं इथेच फिरतं, पण त्याआधी जाहिरातीतले शब्द बघू.

आरसी म्हणजे रुकी कार्ड

खेळाडू मोठ्या पातळीवर आल्यानंतर निघालेलं त्याचं पहिलंवहिलं अधिकृत कार्ड म्हणजे रुकी कार्ड. सचिन तेंडुलकरने पहिली कसोटी १९८९ मध्ये खेळली. त्यामुळे २०११ च्या वर्ल्डकपच्या वेळी निघालेलं त्याचं कार्ड कितीही भारी दिसलं तरी ते रुकी नाही.

पण रुकी म्हणजेच सगळ्यात महाग असंही नाही. अमेरिकन बेसबॉलपटू मिकी मँटलचं टॉप्सने १९५२ मध्ये काढलेलं कार्ड ऑगस्ट २०२२ मध्ये १ कोटी २६ लाख डॉलरला गेलं. म्हणजे तेव्हाच्या हिशोबाने साधारण १०० कोटी रुपये. गंमत म्हणजे ते त्याचं रुकी कार्ड नव्हतंच. रुकी कार्ड १९५१ मध्ये बोमन कंपनीने काढलं होतं.

बेस, पॅरलल आणि इन्सर्ट

पाकिटात सर्रास निघणारं साधं कार्ड म्हणजे बेस. तेच कार्ड वेगळ्या रंगाच्या कडेत किंवा चमकदार कागदावर कमी संख्येने छापलं की ते पॅरलल. डिझाईनच वेगळं असलेली आणि अधूनमधून निघणारी कार्डं म्हणजे इन्सर्ट.

२३/९९

हा स्कोअर नाही. असं कार्ड फक्त ९९ छापलं आणि त्यातलं हे तेविसावं, असा त्याचा अर्थ. १/१ लिहिलेलं असेल तर तसं कार्ड जगात एकच. मात्र कार्डाच्या मागे नुसता ४५ असा आकडा असेल तर तो फक्त यादीतला क्रमांक असतो. अनेकांची गल्लत इथेच होते.

ऑटो आणि रेलिक

ऑटो म्हणजे खेळाडूची सही असलेलं कार्ड. सही थेट कार्डावर केलेली असेल तर तिला जास्त मान, स्टिकरवर करून चिकटवलेली असेल तर कमी. रेलिकमध्ये जर्सीचा तुकडा बसवलेला असतो. पण मागचा मजकूर नीट वाचायचा. जर्सी सामन्यात वापरलेली होती की खेळाडूने नुसती अंगावर चढवली होती, हे तिथे लिहिलेलं असतं.

ग्रेड, स्लॅब आणि पॉप

पीएसए ही अमेरिकेतली कंपनी १९९१ पासून कार्डं तपासून १ ते १० असा ग्रेड देते. चित्र मधोमध आहे का, कोपरे टोकदार आहेत का, कडा आणि पृष्ठभाग स्वच्छ आहेत का, हे बघितलं जातं. मग कार्ड प्लास्टिकच्या बंद डबीत जातं, तिला स्लॅब म्हणतात. न तपासलेलं कार्ड म्हणजे रॉ. आणि एका कार्डाला कोणता ग्रेड किती वेळा मिळाला याची मोजणी म्हणजे पॉप रिपोर्ट. मँटलच्या त्या कार्डाचा ग्रेड ९.५ होता. सत्तर वर्षं जुनं कार्ड इतकं कोरं राहिलं, पैसे त्याचे मिळाले.

मग डब्यात काय आहे?

आता डब्याकडे बघू. रबराने कडांना खाचा पडल्यात. खेळून कोपरे गोल झालेत. वर खारघरची दमट हवा आणि पावसाळे झेलून कार्डं वाकलीत. बहुतेक बेस आहेत आणि बेस ढिगाने छापली जातात. म्हणजे पाच आकडी किंमत विसरायची.

तरी रद्दीत टाकण्याआधी चार गोष्टी बघा. कार्डावर वर्ष कोणतं आहे? ते खेळाडूचं पहिलं वर्ष आहे का? कुठे २३/९९ सारखी संख्या आहे का? कार्ड मूळ आहे की नंतर छापलेली नक्कल, म्हणजे रिप्रिंट?

किंमत शोधताना विकणारा किती मागतोय हे बघू नका. तसंच कार्ड प्रत्यक्षात कितीला विकलं गेलं ते बघा. मागायला काय, कुणी लाखही मागेल. स्लॅबमधलं कार्ड विकत घेत असाल तर त्यावरचा प्रमाणपत्र क्रमांक ग्रेडिंग कंपनीच्या वेबसाईटवर टाकून तपासा, कारण स्लॅबही खोटे निघतात. आणि नशीब काढण्यासाठी बंद पाकिटांवर पैसे लावत असाल, तर बहुतेक पाकिटांत बेसच निघतं हे लक्षात ठेवा.

जी कार्डं ठेवायची ती रबर काढून प्लास्टिकच्या पातळ कव्हरमध्ये घाला. डब्यात सिलिका जेलची पुडी टाका आणि डबा माळ्यावर नको, कोरड्या कपाटात ठेवा. पैसे मिळोत न मिळोत, लहानपण तरी शाबूत राहील.