अंगाला बसणारी रायफल

'रायफल' हा शब्द उच्चारला की आपल्या डोळ्यांसमोर एकतर सीमेवरचा जवान उभा राहतो, नाहीतर मेलेल्या वाघावर पाय ठेवून छायाचित्र काढून घेणारा साहेब. या दोघांपैकी कोणाचीही तरफदारी करण्यासाठी हा लेख लिहिलेला नाही. मी पदार्थविज्ञान शिकवण्यात आयुष्य घालवलेला माणूस आहे. परंतु माझे आजोळ बालाघाटचे, आणि साठच्या दशकातल्या उन्हाळ्याच्या सुट्या तिथे गेल्यामुळे न्यूटनचे नियम मला पुस्तकाच्या आधी आजोबांच्या रायफलीने शिकवले. गोंदियाला मोठी गाडी सोडून छोट्या रुळांच्या गाडीत बसायचे आणि बालाघाटला उतरायचे, असा तो प्रवास असे. ती छोटी गाडी आता राहिली नाही. तिथे मोठे रूळ आले.

बालाघाट जिल्हा १८६७ साली निर्माण झाला आणि १९५६ पर्यंत त्याची राजधानी नागपूरच होती. जिल्ह्याचा दक्षिणेकडचा भाग धानाचा. उत्तरेला घाट चढून बैहरच्या पठारावर गेले की साल आणि बांबूचे जंगल लागते, बंजर आणि हालोन या नद्यांची खोरी लागतात. आजच्या कान्हा व्याघ्र प्रकल्पाचे मुक्की प्रवेशद्वार याच जिल्ह्यात आहे. या रानात शिकारीच्या बंदुकीचा विचार किती गंभीरपणे होत असे याचा एक पुरावा पुस्तकरूपाने शिल्लक आहे. कॅप्टन जेम्स फॉरसिथ या अधिकाऱ्याचे मध्य भारताच्या डोंगराळ मुलखावरील पुस्तक १८७१ साली निघाले व ते पुष्कळांना ठाऊक असते. त्याच्या आधी, १८६३ साली, याच गृहस्थाने शिकारी रायफल आणि तिच्या गोळ्या या विषयावर स्वतंत्र ग्रंथ लिहिला होता, हे मात्र फारसे कोणी सांगत नाही.

फॉरसिथचा मुद्दा विद्यार्थ्यांनी समजून घेण्याजोगा आहे. रायफल आणि साधी बंदूक यांतला फरक नळीच्या आत असतो. रायफलीच्या नळीत मळसूत्रासारखे पेच कोरलेले असतात, त्यामुळे गोळी स्वतःभोवती फिरत बाहेर पडते आणि भोवऱ्याप्रमाणे आपला अक्ष सोडत नाही. फॉरसिथचा भर वाटोळ्या गोळीवर होता. वाटोळ्या गोळीला पुढचे टोक आणि मागचे टोक असा भेदच नाही. तिला थोडासा फिरका पुरतो. उलट पेच फार आवळलेले असतील आणि दारू जास्त भरली, तर मऊ शिशाची गोळी पेच सोडून सरळ घसरत बाहेर येते. म्हणून त्याने पेच अगदी सैल ठेवण्याचा आग्रह धरला: १०४ इंच लांबीत एक फेरा, म्हणजे सुमारे २६४ सेंटिमीटर. नळी स्वतः तीन फुटांच्याही आत! गोळी नळीतून बाहेर येईतो अर्धा फेरासुद्धा पुरा करीत नसे. लांबट गोळी आली की हिशेब उलटतो. लांबट गोळीवर हवेचा दाब तिच्या गुरुत्वमध्याच्या पुढे पडतो व तिला कोलांटी खायला लावतो. तिला सरळ राखायचे तर फिरका पुष्कळ हवा. ७ मिलिमीटरच्या मौझर रायफलीत दर २२ सेंटिमीटरला एक फेरा असतो. सेकंदाला सुमारे ८४० मीटर वेगाने निघणारी ती गोळी एका सेकंदाला ३८०० च्या आसपास फेरे घेत असते. आपल्या टेबलावरचा पंखा मिनिटाला हजार-बाराशे फेऱ्यांत दमतो, हे लक्षात घ्यावे.

आता 'बोल्ट' म्हणजे काय ते पाहू. दाराला कडी लावतो तीच ही कल्पना. पोलादी दांडा पुढे ढकलला की काडतूस नळीच्या खोलीत जाते. मूठ खाली वळवली की दांड्याचे कान चौकटीतल्या खाचांत अडकतात आणि दार बंद होते. दारू पेटली की आतला दाब वातावरणाच्या दाबाच्या तीन हजार पटींच्या घरात जातो, आणि तो सगळा या दोन कानांनी पेलायचा असतो. पॉल मौझरच्या १८९८ च्या रचनेत हे कान दांड्याच्या पुढच्या टोकाला, काडतुसाच्या अगदी लगत आहेत, आणि मागे तिसरा कान केवळ सुरक्षेसाठी ठेवला आहे. ली-एनफील्ड या ब्रिटिश लष्करी रायफलीत कान मागे आहेत. त्यामुळे तिचा दांडा झरझर चालतो, पण बार होताना तो किंचित दबतो. काडतुसाचे पितळ आणि दांड्याचे तोंड यांमध्ये जी फट राहते तिला फार महत्त्व आहे. ती जास्त झाली तर पितळ ताणले जाऊन फाटते, आणि मागे डोळा असतो तो आपला! हे काम घरच्या कानशीने करायचे नव्हे. आपल्याकडे १९५९ च्या शस्त्र कायद्यानुसार शस्त्र बनवणे वा दुरुस्त करणे यांना वेगळा परवाना लागतो, आणि तो नियम मला अगदी योग्य वाटतो.

लंडनचे जॉन रिग्बी आणि मंडळी हे कारागीर जर्मनीतून मौझरची ही चौकट विकत घेत आणि तिच्याभोवती गिऱ्हाइकाच्या मापाने बाकीची रायफल उभी करीत. जिम कॉर्बेट यांना चंपावतची नरभक्षक वाघीण मारल्याबद्दल १९०७ साली जी रायफल भेट मिळाली ती रिग्बीचीच, .२७५ बोअरची. आमच्या आजोबांची ऐपत तेवढी नव्हती. त्यांच्याकडे .३१५ ची होती. हा .३१५ चा आकडा आपल्या देशात का रुजला, तर सरकारी फौजेचे .३०३ काडतूस खाजगी माणसाच्या रायफलीत चालू नये म्हणून! विसाव्या शतकाच्या आरंभी इंग्रज सरकारने .३०३ खाजगी वापराला बंद केले. मग कारखानदारांनी तीच ली-एनफील्ड चौकट ठेवून मॅनलिखरच्या ८ मिलिमीटर काडतुसासाठी नळी बसवली. बोजड, मंद, पण भरवशाची चीज. कारकून मंडळींत जसा एखादा हेडक्लार्क असतो, तशी.

अशी कारखान्यातून आलेली रायफल माणसाच्या अंगाला बसवणे हा खरा कारागिरीचा भाग. आजोबा जंगलाचे ठेकेदार. त्यांनी परवानाधारक मिस्त्रीकडून ती तीन हंगामांत टप्प्याटप्प्याने करून घेतली. पहिले काम दस्त्याचे. दस्त्याची लांबी कशी मोजतात? कोपर काटकोनात वाकवून दस्त्याचे बूड कोपराच्या खळीत टेकवायचे आणि तर्जनी चापावर सहज पोचते का ते पाहायचे. ही ढोबळ रीत. खरी परीक्षा म्हणजे डोळे मिटून रायफल खांद्याला लावायची आणि डोळे उघडायचे. माशी आणि मागची खाच आपोआप एका रेषेत दिसली तर दस्ता बसला. मान वाकवावी लागली, गाल उचलावा लागला, की समजावे अजून लाकूड काढायचे आहे. कारखान्याचा दस्ता सरासरी माणसासाठी असतो, आणि सरासरी माणूस नावाचा प्राणी कोणत्याच रानात सापडत नाही. आजोबा बुटके, त्यांच्या दस्त्यातून पाऊण इंच गेले.

दुसरे काम चौकटीच्या बैठकीचे, आणि मला विचाराल तर सर्वांत सुंदर. लोखंडी चौकट लाकडात बसते ती दोन स्क्रूंनी आवळलेली असते. लाकडाशी तिचा संपर्क एके ठिकाणी घट्ट आणि दुसरीकडे पोकळ असेल, तर प्रत्येक बाराला ती वेगळी हलते आणि गोळ्या विखुरतात. मिस्त्री दिव्याची काजळी लोखंडाला धरी, चौकट लाकडात दाबून उचली आणि जिथे काळा ठिपका उमटला असेल तेवढाच कण पटाशीने खरवडी. पुन्हा काजळी, पुन्हा दाब, पुन्हा खरवड. मी मोजायला बसलो होतो; पन्नासपर्यंत मोजून कंटाळून उठलो. शेवटी ठिपक्यांऐवजी सबंध बैठक एकसारखी राखाडी झाली तेव्हा त्याने बिडी पेटवली. विलायतेतले नामांकित कारागीर नेमके हेच करीत, हे मला फार उशिरा वाचनातून कळले.

हा खटाटोप बालाघाटसारख्या ठिकाणी अधिकच लागतो, याचे कारण हवा. लाकूड ओलावा घेते आणि फुगते, पण सर्व दिशांना सारखे नव्हे: धाग्याच्या दिशेने जवळजवळ मुळीच नाही, आडवे मात्र चांगलेच. मे महिन्यात बैहरच्या पठारावर लाकूड कडकडीत वाळलेले असते. जुलै-ऑगस्टात तेच पाणी पिऊन बसते. पुढच्या अंगाचे लाकूड फुगून नळीला एका बाजूने रेटू लागले की उन्हाळ्यात लावलेला नेम दिवाळीला चुकतो, आणि माणूस आपल्या हाताला दोष देत राहतो. कारण बार होताना नळी स्थिर नसते. तंबोऱ्याच्या तारेप्रमाणे ती थरथरते, आणि गोळी बाहेर पडण्याच्या क्षणी तोंड ज्या दिशेला असेल तिकडे जाते. थरथर असेना का, ती दर वेळी सारखी हवी. त्यासाठी बहुतेक रायफलींत नळीभोवती मोकळी फट ठेवतात. ली-एनफील्डला मात्र पुढच्या टोकाशी खालून हलका आधार मानवतो. शास्त्र एक, आणि दोन रायफलींना औषध उलटे! भारतात इशापूरच्या कारखान्यात बनलेल्या लष्करी ली-एनफील्डमध्ये चौकटीखालच्या लाकडातून एक आडवा स्क्रू घातलेला आढळतो. उष्ण हवेत लाकूड चिरू नये म्हणून केलेली ती खास देशी तजवीज होय.

चाप, माशी, नळीचे तोंड यांविषयी थोडक्यात सांगतो. चाप ओढताना तो मध्येच अडखळता कामा नये. काच फुटावी तसा एकदम सुटावा. वजन किती हा ज्याच्या त्याच्या बोटाचा प्रश्न, पण फार हलका चाप रानात घातकच. नळीच्या तोंडाची कड बाराची शेवटची साक्षीदार. तिला एका बाजूला टवका गेला तर गोळीमागचा वायू तिरपा सुटतो आणि उरलेली सारी मेहनत पाण्यात जाते. माशी काळी असली तर सालाच्या गर्द सावलीत संध्याकाळी दिसतच नाही, म्हणून तिच्यावर हस्तिदंताचा पांढरा मणी बसवीत.

मग येते ती गोळीची झुकण, आणि इथे वर्गातला फळा आठवावा. नळी आडवी धरली तर गोळी सुटल्या क्षणापासून हातातून सुटलेल्या दगडाइतक्याच वेगाने खाली पडू लागते. .३१५ ची गोळी सेकंदाला सुमारे ६०० मीटर वेगाने निघते. शंभर मीटर जायला तिला सेकंदाचा साधारण १७ ते १८ शतांश भाग लागतो, तेवढ्यात ती १५ सेंटिमीटर खाली येते. दोनशे मीटरला हवेच्या विरोधाने वेग घटतो आणि झुकण ७० सेंटिमीटरच्या आसपास जाते. ७ मिलिमीटरची गोळी तेवढ्याच अंतरावर याच्या निम्मीच झुकते. म्हणजे मंद रायफलीच्या मालकाने अंतर ओळखण्यात थोडी जरी चूक केली, तरी गोळी हृदयाऐवजी पायात लागणार.

या सगळ्या घासण्यापुसण्याचे प्रयोजन तेच. आजोबा ऐंशी पावलांपलीकडे बार टाकीत नसत, आणि त्यांच्यापेक्षा ही अट त्यांच्याबरोबर असणाऱ्या गोंड वाटाड्याची होती. कारण जखमी जनावराच्या मागे जाळीत शिरायचे ते त्याने. साहेबांच्या आठवणींत नेम चुकल्याचा उल्लेख एका ओळीत आटोपतो. त्या ओळीची किंमत हाका घालणाऱ्या गोंड-बैगांनी मोजलेली असते. चंपावतच्या वाघिणीचे उजव्या बाजूचे वरचे व खालचे सुळे तुटलेले होते, आणि ते कोणाच्या तरी बंदुकीच्या जुन्या गोळीने, असे कॉर्बेटनी नोंदले आहे. तिच्या नावावर ४३६ बळी सांगितले जातात. एक वाकडा बार इतका महाग पडू शकतो.

पण सरळ बारही स्वस्त पडला नाही, हे शिकारीच्या गोडव्यात रमणाऱ्यांनी विसरू नये. कान्ह्याच्या परिसरातील बारासिंगा १९३८ च्या सुमारास तीन हजारांच्या घरात होता असा अंदाज आहे; १९७० मध्ये उरले होते अवघे ६६. कुरणांचा ऱ्हास, गुरांचे रोग ही कारणे आहेतच, पण जीप आणि विजेची बत्ती आल्यावर बंदुकीपुढे जनावराला संधी उरली नव्हती. १९७२ साली वन्यजीव संरक्षण कायदा झाला, १९९१ च्या दुरुस्तीने शिकारीचे परवाने मुळातूनच गेले. आजोबांनी १९७२ नंतर बोल्ट काढून कपाटात वेगळा ठेवला आणि पुढे रायफल परवानाधारक विक्रेत्याकडे जमा केली. बारासिंगे आज पुन्हा हजाराच्या आसपास आहेत. या हिशेबात मला रायफल गेल्याचे दुःख नाही. काजळीच्या ठिपक्यांवर पटाशी चालवणारा हात गेला याचे आहे.

ती विद्या मात्र अगदीच लोपलेली नाही. कोल्हापूरच्या तेजस्विनी सावंत २०१० साली म्युनिकला ५० मीटर प्रोन प्रकारात जगज्जेत्या झाल्या, आणि राधानगरी तालुक्यातील कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळे यांनी १ ऑगस्ट २०२४ रोजी ऑलिंपिकचे कांस्यपदक मिळवले, ते याच जातीच्या, एकेक काडतूस हाताने भरण्याच्या रायफलीवर. तिचा दस्ता लाकडाऐवजी बहुधा धातूचा. गालपट्टी, बूड, हाताची टेकण सारे स्क्रूने मिलिमीटर-मिलिमीटर सरकवता येते, कारण गुडघ्यावर, पालथे आणि उभे अशा तीन्ही आसनांत एकच शरीर तीन निराळी मापे मागते. नेमबाज काडतुसांच्या वेगवेगळ्या खेपा आपल्याच नळीतून झाडून पाहतात आणि जी खेप सर्वांत लहान घोळका पाडते तीच स्पर्धेसाठी राखतात. लक्ष्य ५० मीटरवर असते. त्यातील दहा गुणांचे वर्तुळ १०.४ मिलिमीटर व्यासाचे, आणि गोळी स्वतःच ५.६ मिलिमीटरची.