कमरपट्ट्यावर भागणार नाही

उत्तर भारतातील एका मोठ्या सरकारी रुग्णालयात गेल्या हिवाळ्यात मी वडिलांजवळ आठवडाभर होतो. त्यांना ट्रॉलीवरून खाटेवर घ्यायला येणाऱ्या कंत्राटी वॉर्डबॉयच्या कमरेला रुंद पट्टा असे. तो त्याने पदरमोड करून घेतला होता. ‘पाठ गेली की काम गेले,’ एवढेच तो म्हणाला.

कोलकात्यातील आर. जी. कर रुग्णालयातील घटनेनंतर सर्वोच्च न्यायालयाने ऑगस्ट २०२४ मध्ये राष्ट्रीय कृती दल नेमले. आरोग्यसेवकांच्या सुरक्षिततेची तेव्हा झालेली चर्चा हिंसाचाराभोवती फिरली, ते स्वाभाविकच होते. रुग्ण उचलून झिजणाऱ्या पाठीचा विषय मात्र मागेच राहिला.

आता अंगावर चढवण्याचे ‘एक्सोस्केलेटन’ आले आहेत. त्यांच्या साध्या प्रकारात मोटर नसते. वाकताना ताणल्या जाणाऱ्या स्प्रिंगा किंवा लवचीक पट्टे पाठीवरील ताणाचा काही अंश छाती व मांड्यांकडे वळवतात. बराच वेळ वाकून काम करणाऱ्यास त्याने आराम मिळू शकतो. पण भार नाहीसा होत नाही. साध्या कमरपट्ट्याने दुखापत टळते याला पुरेसा पुरावा नाही, असा निष्कर्ष तर अमेरिकेच्या ‘नायोश’ या संस्थेने १९९४ मध्येच काढला होता.

याच संस्थेतील संशोधकांनी २००७ मध्ये रुग्ण हाताने उचलण्यासाठी माणशी सुमारे १६ किलोंची मर्यादा सुचवली. ६० किलोंचा रुग्ण दोघांनी उचलला, तर प्रत्येकाच्या वाट्याला ३० किलो येतात. असे पोशाख बनवण्यात अग्रेसर असलेल्या जपाननेही २०१३ च्या मार्गदर्शक तत्त्वांत शुश्रूषेत हातांनी माणूस उचलणे तत्त्वतः टाळावे, असेच म्हटले.

आपल्याकडे १९४८ च्या कारखाना अधिनियमाने इजा होईल इतके ओझे उचलायला लावण्यास मनाई केली. परंतु ते संरक्षण कारखान्यापुरते होते. २०२० च्या व्यावसायिक सुरक्षा संहितेनुसार केंद्र सरकारला सुरक्षिततेची मानके जाहीर करता येतात. रुग्ण उचलण्याचे मानक त्यांत यायला हवे आणि ते कंत्राटी कामगारांनाही लागू हवे.

माझ्या मते खरेदीचा क्रम स्पष्ट असावा: आधी पुरेसे मनुष्यबळ, रुग्ण सरकवण्याच्या गुळगुळीत चादरी आणि उचलयंत्रे, त्यानंतर पोशाख. तेही वॉर्डात चाचणी घेऊन, स्त्रियांच्या मापाचे, धुता येण्याजोगे आणि रुग्णालयाच्या खर्चाने. पट्टा वाटून जबाबदारी संपली, असे कोणत्याही प्रशासनास म्हणता येऊ नये.