निजवताना इंग्रजी गाणे : कोणते, कसे आणि कोणी?

अलीकडे बडोद्यातील तरुण मराठी पालक लसीकरणासाठी येतात तेव्हा एक प्रश्न हमखास विचारतात : "डॉक्टर, बाळाला निजवताना इंग्रजी गाणी लावली तर चालतील का? तेवढेच कानावर इंग्रजी पडेल." या प्रश्नातील 'इंग्रजी' हे विशेषण मला मुळीच खटकत नाही, खटकते ते 'लावली' हे क्रियापद.

भाषेची चिंता का नको, ते आधी सांगतो. हार्वर्ड विद्यापीठातील संशोधकांनी १४४ अमेरिकन तान्ह्या बाळांना दूरदूरच्या समाजांतील, सर्वस्वी अपरिचित भाषांतील गाणी ऐकवली. २०२० साली प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासात असे दिसले की, त्यांतील अंगाईगीते ऐकताना बाळांच्या हृदयाचे ठोके इतर गाण्यांच्या तुलनेत अधिक मंदावत होते. शब्द कळण्याचा प्रश्नच नव्हता. बाळावर परिणाम करतात ती संथ लय आणि आवाजातील मार्दव. तेव्हा आईने इंग्रजी गाणे म्हटले तरी हरकत नाही, आणि न्यू जर्सीत नातवाला निजवायला निघालेल्या आजीनेही आपल्या मराठी अंगाईबद्दल संकोच बाळगू नये.

इंग्रजी अंगाईगीतांची घडण आपल्याला परकी वाटू नये. त्यांतील पुष्कळशी तीन-तीन मात्रांच्या झोक्यावर चालतात. 'रॉक-अ-बाय बेबी' गुणगुणताना दादरा जाणणाऱ्याचा हात आपोआप मांडीवर ठेका धरतो. ब्राम्सने १८६८ मध्ये एका स्नेह्यांच्या घरी बाळ जन्मले त्यानिमित्त रचलेली अंगाई मूळची जर्मन, पण इंग्रजी शब्दांतही ती घरोघरी पोहोचली. तिचाही ठेका तीन मात्रांचाच. पाळण्याच्या झोक्याशी तो सहज जुळतो.

'ट्विंकल ट्विंकल' मात्र चार मात्रांचे. जेन टेलर यांची ही कविता १८०६ ची. चाल त्याहून जुनी, फ्रेंच, आणि तीवर मोझार्टने पियानोसाठी बारा रूपांतरे रचलेली. आपली मुले बालवाडीत ते हातवारे करीत, घाईने म्हणतात. तसे म्हटले तर मूल झोपायचे नाही, उठून बसेल. तेच निम्म्या लयीत, खालच्या पट्टीत म्हणून पाहावे. षड्जावरून पंचमावर झेप, धैवताला स्पर्श आणि मग एकेक पायरी उतरत पुन्हा षड्ज. सारे काही सहा शुद्ध स्वरांत. एखाद्या आजीला शब्द येत नसतील तर नुसती चाल गुणगुणली तरी पुरे.

शब्दांकडे लक्ष द्यावे लागते ते मूल बोलू लागल्यावर. 'रॉक-अ-बाय बेबी'त शेवटी फांदी मोडते आणि पाळणा खाली येतो. तान्ह्याला त्याचे काय! पण तीन वर्षांचे मूल "मग बाळाला लागलं का?" असे विचारून सगळ्यांची झोप उडवते. 'यू आर माय सनशाइन'चे ध्रुवपद गोड, कडवी मात्र प्रेमभंगाची. (ते गाजवणारे जिमी डेव्हिस पुढे लुइझियानाचे गव्हर्नर झाले, हे जाता जाता.) ध्रुवपदच आळवावे. 'द साउंड ऑफ म्युझिक' या १९५९ च्या संगीतिकेतील 'एडलवाइस' अंगाई म्हणून लिहिलेले नाही, तरी माझ्या मते निजवायला त्याच्यासारखे गाणे विरळा.

आता 'लावणे' आणि 'म्हणणे' यांतील भेद. गाणारी आई बाळाचा श्वास पाहत असते. तो संथ झाला की तिचा आवाज उतरतो, लय लांबते, शब्द गळून नुसता हुंकार उरतो. ध्वनिमुद्रणाला हे जमणार नाही. अमेरिकेतील ११ नवजात अतिदक्षता विभागांत अकाली जन्मलेल्या २७२ बाळांवर झालेला एक अभ्यास २०१३ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात संगीत प्रत्यक्ष ऐकवले होते आणि अंगाईसाठी आईवडिलांच्या आवडीचे गाणे घेतले होते. अंगाईने बाळांच्या हृदयाचे ठोके मंदावले, शिवाय पालकांना जाणवणारा ताणही कमी झाला. दिवसभराच्या नोकरीनंतर थकलेल्या आईला हे सांगितले की ती हसते, पण गाऊन पाहते.

मोबाइलची आणखी एक अडचण अशी की, ज्या साधनाने मूल झोपते तेच ते रात्री दोनला जाग आल्यावर पुन्हा मागते. म्हणून एकदोन ठरलेली गाणी रोज त्याच क्रमाने म्हणावीत आणि डोळे जड झाले की, पूर्ण झोप लागण्याआधीच, बाळाला पाठीवर निजवावे. उच्चारांची काळजी करू नये. इंग्रजीसाठी पुढे शाळा आहेच.

गाताना बाळाच्या प्रतिसादाकडेही लक्ष असू द्यावे. खांद्यावर घेतलेले मूल आईच्या छातीच्या कंपनाने आणि उबेनेही शांत होते, त्यामुळे "आमचे बाळ गाणे ऐकते" ही घरची खात्री पुरेशी नसते. बाळाला अंगावरून बाजूला ठेवून, चेहरा दिसणार नाही अशा ठिकाणाहून गायल्यावर ते काहीच दखल घेत नसेल, तर लगेच बालरोगतज्ज्ञांना सांगावे. श्रवणचाचणी तर प्रत्येक बाळाची जन्मानंतर महिन्याच्या आत व्हावी. दोष आढळल्यास निदान तीन महिन्यांपर्यंत आणि उपचारांचा आरंभ सहा महिन्यांपर्यंत झाला, तर त्या मुलाला बोली लाभण्याची शक्यता पुष्कळ वाढते.