लायगोचा डेटा आणि आपला सर्व्हर

हिंगोली जिल्ह्यातल्या औंढा नागनाथजवळच्या 'लायगो-इंडिया' या गुरुत्वलहरी वेधशाळेला केंद्राने एप्रिल २०२३ मध्ये २,६०० कोटी रुपये मंजूर केले. सगळे ४ किलोमीटरच्या भुजांबद्दल बोलतात; मला उत्सुकता आहे डेटाची! लायगोचा मुख्य सिग्नल सेकंदाला १६,३८४ वेळा नोंदवला जातो, शिवाय असंख्य सेन्सर. अमेरिकेतल्या लायगोचा साठा काही वर्षांपूर्वीच साडेचार पेटाबाईटच्या, म्हणजे साडेचार हजार टेराबाईटच्या पुढे गेला. या लहरी उठवणारी कृष्णविवरांची टक्कर पुन्हा घडवता येत नाही, म्हणून नोंद हरवून चालत नाही.

हिंगोलीतल्या पतसंस्था, कॉलेज, रुग्णालयांनाही नियम तेच:

✅ रेड-६ (अनेक डिस्कवर डेटा विभागून ठेवण्याची पद्धत) मध्ये दोन डिस्क गेल्या तरी डेटा वाचतो. पण रेड म्हणजे बॅकअप नव्हे. चुकून डिलीट केलेली फाइल ते परत देत नाही.
✅ बॅकअपचा नियम: डेटाच्या ३ प्रती, २ प्रकारची माध्यमं, १ प्रत दुसऱ्या गावी.
✅ खरेदीआधी विचारा: बदली डिस्क हिंगोलीत किती तासांत पोहोचेल?
✅ महिन्यातून एकदा स्क्रबिंग (डिस्कवरच्या डेटाची पडताळणी) करा, यूपीएसची बॅटरीही तपासा.

रिस्टोर करून पाहिला नाही, तो बॅकअप मोजूच नका. या आठवड्यात एक फाइल परत आणून बघा आणि कमेंटमध्ये सांगा!