मोतिया की पिस्ता

भिलाईच्या सेक्टर 6 मधल्या एका मराठी कुटुंबाच्या क्वार्टरमध्ये मी गेले ती तिथल्या पेंटरची अट ऐकून. भिंतीवर नमुना लावला की चोवीस तास कुणी ‘हाच घ्या’ म्हणायचं नाही. बाकीचे शेडकार्डावर बोट ठेवायला लावून मोकळे होतात; हा माणूस थांबतो.

जुनी भिंत खरवडून झाली होती. पत्तीखाली आधी गुलाबी डिस्टेंपर सुटला, त्याखाली नीळ घातलेला चुना. 1959 साली या वसाहतीच्या पोलाद कारखान्याची पहिली झोतभट्टी पेटली. तळचा तो थर बहुधा त्यानंतरच्या पहिल्या वर्षांतला.

पुट्टी, पॉलिश पेपर, प्रायमर उरकलं. मग त्यानं मोतिया आणि फिक्या पिस्त्याचे दीड-दीड फुटांचे चौकोन काढले, दोन-दोन हात देऊन. एक जोडी खिडकीसमोर, दुसरी खिडकीलगतच्या अंधाऱ्या भिंतीवर. मध्ये पांढरी जागा सोडली, कारण शेजारचा रंग डोळ्यांना फसवतो. इमल्शन ओलं असताना फिकं दिसतं, वाळल्यावर गडद होतं. घरातल्या काकू लगेच पिस्त्यावर खूश झाल्या. ‘‘अभी झन कहव, काकी,’’ तो म्हणाला, ‘‘चौबीस घंटा देखव.’’

दुपारी कडुनिंबातून आलेल्या उजेडानं पिस्ता आणखी हिरवा झाला. संध्याकाळी पिवळा दिवा लावला, तर मोतिया सायीसारखा उबदार आणि पिस्ता मळकट. पांढऱ्या ट्यूबखाली तोच पिस्ता पुन्हा टवटवीत. उजेडात जे असेल त्यातलंच भिंत परत देणार. शिवाय चारही भिंती रंगल्या की त्या एकमेकींवर रंग टाकतात, म्हणून कार्डावरचा फिका रंग खोलीत दाट वाटतो. हे त्याला कुणी वर्गात शिकवलेलं नाही. पाटणकडच्या त्याच्या गावी दिवाळीआधी आई छुहीनं, म्हणजे पांढऱ्या मातीनं, भिंती पोतारायची. ओली असताना मातकट, वाळली की पांढरीशुभ्र. थांबायचं तो तिथं शिकला.

दुसऱ्या दिवशी काकूंनी मोतिया सांगितला. त्या खोलीत नात अभ्यास करते, तोही रात्री, पिवळ्या दिव्याखाली.

मजुरी स्क्वेअर फुटावर ठरलेली. तो टेप ताणत असताना मी विचारलं, कालचे चोवीस तास कुठं धरले? ‘‘ओकर का पइसा?’’ म्हणत तो माप लिहू लागला. मला ते पटलं नाही. घाईत रंगवलेली खोली पुन्हा रंगवायची तर दुप्पट मजुरी जाते, आणि ती वाचवली होती यानंच. काकूंना मी तसं सांगितलं. त्यांनी बिलाखाली अर्ध्या दिवसाची हजेरी वेगळी लिहिली.